सुपर मेट्रॉइडमध्ये क्रमभंग: नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

नवा_भिडू

सुपर मेट्रॉइड (1994) हा सॅमस या नायिकेचा व्हिडिओ गेम एकदा सरळ मार्गाने संपवून झाला आहे. आता ठरलेला क्रम मोडून, म्हणजे सीक्वेन्स ब्रेक करत खेळायचा आहे. व्हिडिओंमध्ये सगळं दोन सेकंदांत उरकतं, बोटं नक्की काय करतात ते कळत नाही. म्हणून चार प्रश्न:

१. पहिली युक्ती कोणती शिकावी?
२. वॉलजंप (भिंतीला लाथ मारून वर उडणं) लागतो कधी, फसतो कधी, काही नेम नाही. चूक कुठे होत असेल?
३. मध्येच अडकून पडलो आणि परत फिरता आलं नाही, असं होऊ शकतं का?
४. कुठली वाट मोडता येते आणि कुठली नाही, हे ओळखायचं कसं?

कपारी

चौथा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे सोपे होतात.

या खेळातले अडथळे दोन जातींचे आहेत. एका जातीत खेळ खरोखर काहीतरी तपासतो. लाल दाराला 5 मिसाइल किंवा 1 सुपर मिसाइल, हिरव्या दाराला सुपर, पिवळ्याला पॉवर बॉम्ब. टूरियन या शेवटच्या प्रदेशाच्या वाटेवरचा पुतळा क्रेड, फँटून, ड्रेगॉन आणि रिडली हे चौघं बॉस (मोठे शत्रू) मेल्याशिवाय खाली जात नाही. लोअर नॉरफेअरच्या तोंडाशी आम्ल उतरवणारा चोझो पुतळा आहे, तो तुमच्याकडे स्पेस जंप (हवेतल्या हवेत पुन्हा उडी) आहे का हे पाहतो. नसेल तर त्याच्या हातात कितीही वेळ बसा, आम्ल हलत नाही. नवशिक्याने या जातीच्या नादी लागू नये.

दुसऱ्या जातीत खेळ काहीच तपासत नाही. कठडा उंच आहे, अडसर लवकर पडते, खोली तापलेली आहे, पाण्यात उडी आखूड पडते, खड्डा रुंद आहे. इथे रचणाऱ्यांनी एवढंच गृहीत धरलंय की अमुक वस्तू असल्याशिवाय तुम्ही पलीकडे पोचणार नाही. तुम्ही पोचलात तर खेळ गुमान पुढे चालू लागतो. 'हा हाय-जंप (उंच उडीचे बूट) न घेता इथे कसा आला?' असं विचारणारं तिथे कोणी नाही. क्रमभंग करायचा तो या दुसऱ्या जातीत.

तेव्हा कुठेही अडलात की स्वतःला विचारा: इथे वस्तू तपासली जातेय, की फक्त उंची, वेग, उष्णता यांनी अडवलंय?

रानवारा

कपारींशी सहमत. पहिली युक्ती वॉलजंप, यात दुमत नसावं. त्याला कुठलीही वस्तू लागत नाही, पहिल्या मिनिटापासून हाताशी असतो. ब्रिन्स्टार प्रदेशातले तीन हिरवे प्राणी, एटेकून, हाच धडा देतात, पण बोटांचा क्रम काही सांगत नाहीत. तो असा:

सॅमस कोलांटी घेत असली पाहिजे. जागेवरून सरळ वर उडी मारली तर कोलांटी होत नाही, उडताना डावी किंवा उजवी दिशा दाबलेली हवी. भिंतीच्या दिशेने उडा. अंग भिंतीला लागलं की दिशा उलटी करा, भिंतीपासून लांब. सॅमसची आकृती बदलते, कोलांटी थांबून ती भिंतीला पाय रोवल्यासारखी दिसते. ती दिसली की उडीचं बटण नव्याने दाबा आणि धरून ठेवा.

आधी दिशा, मग उडी. दोन्ही एकदम दाबणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. मारिओच्या नव्या खेळांची सवय असलेले तर भिंतीकडे दाबून धरतात आणि उडी मारतात. त्या खेळांत ते चालतं, इथे नाही.

सरावाला जागा हवी तर क्रेटेरियात पार्लरखालचा उंच उभा बोगदा घ्या, शेवटी पळताना ज्यातून वर चढावं लागतं तोच. मॉर्फ बॉल (सॅमसला चेंडू बनवणारी वस्तू) आणि पहिली मिसाइल घेण्याआधी तिथे एकही शत्रू नसतो. निवांत अर्धा तास घालवता येतो.

नवा_भिडू

धन्यवाद रानवारा. क्रम आता कळला. पहिली लाथ बसते, पण त्याच भिंतीवर दुसरी बसत नाही. सॅमस सरळ खाली येते. आणि कधीकधी कोलांटीच आपोआप सुटते.

रानवारा

दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

कोलांटी सुटते ती बहुधा खांद्याच्या बटणांमुळे. एल आणि आर ही नेमाची बटणं. त्यांच्यावर बोट टेकलेलं असेल आणि किंचित दाब पडला तर सॅमस कोलांटी सोडून तिरका नेम धरते. नेम धरलेल्या अंगाने वॉलजंप होत नाही. गोळी झाडली तरी तेच. चढताना तर्जन्या खांद्याच्या बटणांवरून उचलूनच ठेवा.

दुसरी लाथ न बसण्याचं कारण वेळेत आहे. पहिल्या लाथेनंतर सॅमस भिंतीपासून लांब जाते. तिला परत आणायला लगेच भिंतीकडे दाबावं लागतं. बहुतेक जण लांबची दिशा जरा जास्तच धरून ठेवतात आणि परत येईपर्यंत उंची गमावतात. शिवाय उडीचं बटण मधे सोडलेलं असलं पाहिजे. धरूनच ठेवलं असेल तर दुसरं दाबणं खेळाला दिसतच नाही.

एका भिंतीवरची लय अशी बसवा: लांब, उडी, भिंतीकडे. उडी सोडा. लांब, उडी, भिंतीकडे. उडी सोडा. दोन भिंतींमध्ये चढताना हेच सोपं जातं, कारण लाथ मारली की आपोआप समोरच्या भिंतीकडे जाता. म्हणून आधी अरुंद बोगदा, मग एक भिंत.

टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू आहे ना ते बघा. चित्र उशिरा येत असेल तर पोज बदललेली दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

तळघर

वॉलजंपच्या जोडीला दुसरी युक्ती मॉकबॉल. ही थोडी अवघड आहे, पण एका जागी ती इतकं देऊन जाते की शिकायलाच हवी.

मॉकबॉल म्हणजे धावण्याचा वेग चेंडूच्या रूपात टिकवणं. एरवी मॉर्फ झालं की वेग जातो आणि चेंडू रांगत सुटतो. पण जमिनीला टेकण्याच्या नेमक्या क्षणी मॉर्फ झालात तर वेग पुसला जायचा राहून जातो आणि चेंडू धावण्याच्या वेगाने पळतो.

धावण्याचं बटण धरून पळा. आखूड उडी मारा. हवेत एकदा खाली दाबा, सॅमस तोफ खाली रोखेल. बोट उचला. पाय जमिनीला लागणार, त्याच्या निमिषभर आधी पुन्हा खाली दाबा आणि लगेच पुढची दिशा धरा. बस.

फसल्यावर काय दिसतं त्यावरून चूक ओळखता येते. चेंडू टप्पा खाऊन हळू झाला, तर दुसरं 'खाली' लवकर पडलं. सॅमस उतरून नुसतीच गुडघ्यावर बसली, तर उशिरा पडलं. चेंडू नीट झाला पण जागेवरच थांबला, तर पुढची दिशा धरायला उशीर झाला. तोफ खाली न रोखता तिरकी झाली, तर अंगठा खाली दाबताना बाजूलाही दाबतोय. दिशांच्या बटणावर 'खाली' निखळ पडलं पाहिजे.

सराव कुठल्याही सपाट जमिनीवर होतो. निळ्या ब्रिन्स्टारमध्ये मॉर्फ बॉल मिळाला की तिथेच करून बघा.

खडूफळा

तळघर यांनी 'एका जागी' म्हटलंय ती जागा मी सांगतो, कारण पूर्ण क्रमभंगाचा पाया तीच आहे.

हिरव्या ब्रिन्स्टारच्या मुख्य उभ्या बोगद्यात एक लाल दार आहे. आतल्या खोलीला खेळाडू 'अर्ली सुपर्स रूम' म्हणतात. आत पळत शिरलं की पुढच्या अडसरी एकेक करून खाली पडत जातात. रचणाऱ्यांच्या मते इथे स्पीड बूस्टर (धावण्याचा वेग वाढवणारी वस्तू) घेऊन यायचं. नुसतं पळून शेवटची अडसर गाठता येत नाही, आणि चेंडू होऊन रांगलात तर त्याआधीच बंद. मॉकबॉलने मात्र खालून निसटता येतं. पलीकडे सुपर मिसाइलचं पाकीट आहे, आणि शेजारच्या खोलीत रिझर्व्ह टँक.

फसलं तर नुकसान काही नाही. मागे फिरा, दारातून बाहेर जा, परत आत या. अडसरी पुन्हा वर गेलेल्या असतात. लाल दार एकदा उघडलं की निळं होऊन राहतं, पुन्हा मिसाइल खर्चावी लागत नाहीत.

आता याचं महत्त्व. सरळ मार्गात पहिली सुपर मिसाइल स्पोअर स्पॉन या बॉसला मारल्यावर मिळतात. ती गुलाबी ब्रिन्स्टारमधली मोठी फेरी आहे. रेड टॉवरकडे जाणाऱ्या वाटेवर, मोडकळणाऱ्या पुलाच्या टोकाला, हिरवं दार आहे, त्यामुळे सुपरशिवाय लाल ब्रिन्स्टार बंद. मॉकबॉलने सुपर आधीच मिळाली की स्पोअर स्पॉन वगळून थेट त्या दाराशी जाता येतं.

त्या पुलाला खेळाडू 'नूब ब्रिज' म्हणतात, कारण धावण्याचं बटण आहे हेच माहीत नसलेले तिथे पडत राहतात. बटण धरून सलग पळा, मध्ये उडी मारू नका.

जाता जाता गुलाबी ब्रिन्स्टारच्या तळाशी चार्ज बीम घ्या. धावत्या शर्यतीत काही जण तो टाळतात, पण नवशिक्याने टाळू नये. मिसाइल संपली तरी बॉसशी लढता येतं.

खडूफळा

वरच्या प्रतिसादात पुढची वाट राहिली, ती इथे देतो.

रेड टॉवरने खाली, काचेच्या बोगद्यातून नॉरफेअरच्या लिफ्टकडे. लिफ्टच्या खोलीत वर एक उंच कठडा आहे, क्रेडची गुहा तिकडे. सरळ मार्ग असा की लिफ्टने खाली जा, हाय-जंप घ्या, परत वर या, मग कठडा चढा. वॉलजंप येत असेल तर ही पूर्ण खेप वाचते. कपारी म्हणाले त्या दुसऱ्या जातीचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण: कठडा उंच आहे, बस, बाकी काही नाही.

इथपर्यंत सुपर जपून वापरा. पाकिटात 5 असतात. पुलाच्या दाराला 1 गेली. क्रेडच्या दाराशी डोळा आहे, त्याला 1 सुपर किंवा 3 मिसाइल लागतात, तिथे मिसाइलच वापरा. क्रेडची ताकद 1000. सुपरचा मार 300, मिसाइलचा 100. म्हणजे 3 सुपर आणि 1 मिसाइल तोंडात नेमकी बसली की क्रेड संपतो. तोंड बंद असताना मारलेलं वाया. आधी डोक्यावर साधी गोळी मारून तोंड उघडायला लावा, मग सुपर सोडा.

क्रेडनंतर उष्णतेपासून वाचवणारा वॅरिया सूट. आता नॉरफेअरमध्ये हिरव्या दारामागे, आइस बीमच्या (शत्रूंना गोठवणाऱ्या किरणाच्या) वाटेवर, पुन्हा तशाच पडणाऱ्या अडसरी आहेत. तिथेही स्पीड बूस्टर अपेक्षित आहे आणि तिथेही मॉकबॉल चालतो. एक युक्ती शिकलात, दोन कुलुपं उघडली.

नवा_भिडू

हे वाचून नकाशाच डोळ्यांसमोर आला. एक शंका: वॅरिया घेण्याआधीच आइस बीमला गेलं तर? खोल्या तापलेल्या आहेत, पण एनर्जी टँक पुरेसे असतील तर जमेल ना?

कपारी

जमतं, त्याला हेलरन म्हणतात. पण आधी हिशोब करा. सूट नसताना उष्णता दर सेकंदाला साधारण 15 एनर्जी खाते. सुरुवातीची 99 एनर्जी साडेसहा सेकंद पुरते. प्रत्येक टँक 100 चा, म्हणजे प्रत्येक टँकमागे आणखी साडेसहा-सात सेकंद. जायचं, अडसरीखालून निसटायचं, वस्तू घ्यायची आणि परत यायचं, हे सगळं त्यात बसवा. एक मॉकबॉल फसला तर खोलीबाहेर जाऊन परत येण्यातच अर्धा टँक जळतो. वॅरिया इतकी जवळ असताना पहिल्या खेपेला हे करण्यात अर्थ नाही.

आणि इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते सगळ्यांनी नीट वाचावं.

या खेळात सेव्ह स्टेशन एनर्जी भरत नाही. ते फक्त जशी आहे तशी नोंद करतं. पूर्ण भरून हवी असेल तर सॅमसचं जहाज, किंवा एनर्जी भरणारं वेगळं यंत्र. समजा हेलरन करत तुम्ही नॉरफेअरच्या आतल्या सेव्ह स्टेशनला 30 एनर्जी घेऊन पोचलात आणि सवयीने सेव्ह केलं. आता बाहेरच्या तापलेल्या खोलीत तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. मेलात की पुन्हा तिथेच, पुन्हा 30. त्या नोंदीत बाहेर पडायची वाटच उरत नाही.

पाण्यातही तेच. पॉवर बॉम्बने काचेचा बोगदा फोडून ग्रॅव्हिटी सूटशिवाय (तो पाण्यात मोकळं हलू देतो) मॅरिडिया या पाण्याच्या प्रदेशात उतरता येतं. उतरणं सोपं, वर येणं महाकठीण. उडी आखूड, वॉलजंपही आखूड, आणि वाळू खाली ओढते. तिथे सेव्ह करू नका.

उपाय साधा आहे. खेळात सॅमस ए, बी, सी अशा तीन नोंदी आहेत आणि मेनूत डेटा कॉपीची सोय आहे. क्रम मोडणारी कुठलीही उडी घेण्याआधी जहाजाजवळ सेव्ह करा, ती नोंद बी मध्ये कॉपी करा आणि बी ला हात लावू नका. पुढचं सगळं ए वर. अडकलात तर बी वरून परत. खेळ सुरू करतानाच ही सवय लावून घ्या, अडकल्यावर आठवून उपयोग नाही.

तळघर

+१. निन्टेन्डो स्विच ऑनलाइनवर खेळत असाल तर तिथे रिवाइंड आणि मधूनच थांबवून ठेवण्याची सोय आहे. सरावासाठी ती खुशाल वापरा. मॉकबॉल पन्नास वेळा करायचा तर प्रत्येक वेळी बोगद्यापासून चालत येण्यात अर्थ नाही. दाराशी एक थांबा ठेवा, तिथून करत राहा.

फक्त एक काळजी: थांबा घेताना सॅमस जमिनीवर उभी असावी, बटणं सोडलेली असावीत. हवेत घेतलात तर दर वेळी परत येताना बोटं गोंधळतात.

पाणकोंबडी

थोडा वेगळा मुद्दा मांडते. सगळे 'हाय-जंप वगळा, स्पोअर स्पॉन वगळा' म्हणताहेत. वगळणं हे ध्येय ठेवलं तर नवा माणूस लवकर थकतो. वस्तू लवकर मिळवणं हे ध्येय ठेवा, मजा त्यात आहे. लवकर मिळालेली एक वस्तू पुढचा सगळा खेळ सोपा करते.

उदाहरणार्थ पॉवर बॉम्ब. सरळ मार्गात आइस बीम घेतल्यावर रेड टॉवरमधल्या रिपर नावाच्या उडत्या शत्रूंना गोठवून, त्यांच्या पाठीवर पाय देत वर चढायचं असतं. वॉलजंप पक्का असेल तर आइस नसतानाही टॉवर चढता येतो आणि लाल ब्रिन्स्टारच्या वरच्या भागातले पॉवर बॉम्ब हाती येतात. मग पिवळी दारं उघडतात, आणि पुढे कुठल्या दिशेला जायचं हे तुमच्या हातात येतं. मला हा क्षण पूर्ण खेळातला सगळ्यात सुंदर वाटतो: नकाशा तोच, पण आता तो तुमच्या मागे येतो.

टॉवर चढताना रिपर आडवे फिरतात, त्यांच्यावर आदळलं की कोलांटी तुटते आणि तळाशी जाता. एका भिंतीला धरून चढा, रिपर लांब जाताना निघा, परत येण्याआधी त्याच्या वर असा. घाईने दोन्ही भिंती वापरल्यात तर हमखास मधे सापडता.

खडूफळा

पाणकोंबडी, मुद्दा पटला. शब्द बदलायला हवा, 'वगळा'ऐवजी 'नंतर घ्या, हवी तर'.

रेड टॉवरबद्दल एक भर: हाय-जंप असेल तर वॉलजंपही उंच जातो. ज्यांचा एका भिंतीवरचा हात अजून बसला नाही, त्यांनी हाय-जंप घेऊनच टॉवर चढावा. क्रेड आधी, हाय-जंप नंतर, मग टॉवर. तोही क्रमभंगच झाला.

नवा_भिडू

वॉलजंप अजिबातच जमला नाही तर दुसरा काही पर्याय?

रानवारा

बॉम्ब आहेत की. मॉर्फ होऊन बॉम्ब ठेवा, स्फोटाने वर उडा, हवेत पुढचा बॉम्ब ठेवा, तो फुटताना पुन्हा त्याच्यावर या. लय बसली की हवे तितके उंच जाता येतं. साध्या बॉम्बला मोजदाद नाही, संपत नाहीत. वेळ फार जातो आणि आजूबाजूला शत्रू असेल तर जमत नाही, पण क्रेडकडच्या कठड्यासारख्या शांत जागी चालून जातं.

तरी वॉलजंप सोडू नका. दोन-तीन दिवस रोज वीस मिनिटं अरुंद बोगद्यात घालवलीत तर बोटं आपोआप शिकतात.

तळघर

शाइनस्पार्कचा, म्हणजे धावण्याचा वेग साठवून झेप घेण्याचा, विषय अजून आला नाही. स्पीड बूस्टर मिळाल्यावर साधारण दोन पडदे सलग धावलं की अंगाभोवती सावल्या उमटतात. तेव्हा खाली दाबा, वेग साठतो, सुमारे 3 सेकंद टिकतो. तेवढ्यात उडी दाबली की सॅमस वर सुटते, दिशा दिली की आडवी किंवा तिरकी. ब्रिन्स्टारमधला डाचोरा पक्षी हेच दाखवतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्पार्क एनर्जी खातो, आणि 29 वर आली की तो तुटतो. म्हणजे 29 किंवा कमी असताना स्पार्क सुटणारच नाही. लांब खड्डा पार करायचा असेल तर आधी शत्रू मारून एनर्जी भरून घ्या. दुसरं, साठवलेला वेग दारातून पुढच्या खोलीत नेता येतो. नवशिक्यांना हे माहीत नसतं आणि ते आखूड खोलीतच धावपळ करत बसतात.

नवा_भिडू

रेक्ड शिपच्या आधी जे पाण्याचं रुंद तळं आहे, तिथे ग्रॅपल (लटकून झोका घ्यायची वस्तू) नसताना जाता येईल का?

तळघर

त्या खोलीला 'द मोट' म्हणतात. शर्यतीतले खेळाडू तिथे सलग वॉलजंपचा एक अवघड प्रकार वापरतात, एकाच लहानशा कडेवरून लाथेवर लाथ मारत पुढे सरकतात. त्यात चुकीला जागा फार कमी आहे. पहिल्या खेपेला तुम्ही ग्रॅपल घेऊन या. त्यासाठी क्रोकोमायर या बॉसला मारणं काही वाया जात नाही, पुढे ग्रॅपलने बऱ्याच वाटा सोप्या होतात.

रेक्ड शिपच्या आत गेल्यावर फँटूनशी लढताना सुपर मिसाइल वापरू नका. त्याची ताकद 2500 आहे म्हणून मोठा मार करायचा मोह होतो, पण सुपर लागली की तो चवताळतो आणि ज्वाळांच्या लाटा सोडतो. नव्या माणसाचं तिथे भागत नाही. चार्ज केलेली गोळी आणि साधी मिसाइल, डोळा उघडा असताना. मग ग्रॅव्हिटी सूट. या सूटने उष्णतेपासूनही पूर्ण संरक्षण मिळतं.

पाणकोंबडी

हेच डोकं मेट्रॉइड मालिकेतल्या दुसऱ्या खेळांत कसं चालतं ते थोडक्यात, म्हणजे सुपर मेट्रॉइडनंतर कुठे जायचं ते ठरवता येईल.

'सीक्वेन्स ब्रेकिंग' हा शब्दच मेट्रॉइड प्राइममुळे रूढ झाला. खेळ 2002 चा. थार्डस या बॉसला न मारता ग्रॅव्हिटी सूट कसा घ्यायचा यावर 2003 मध्ये खेळाडूंच्या चर्चा चालल्या होत्या, त्यातून. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत बऱ्याच वाटा बुजवल्या, म्हणून व्हिडिओ बघताना आवृत्ती तपासा.

झीरो मिशन (2004) मध्ये रचणाऱ्यांनीच आडवाटा ठेवल्यात. 15 टक्के किंवा त्याहून कमी वस्तूंत खेळ संपवला तर वेगळं चित्र मिळतं. नवशिक्याला सुपर मेट्रॉइडनंतर हाच सुचवेन. फ्यूजन (2002) उलट, तिथे दारं कथेच्या टप्प्यांवर उघडतात, पहिल्या जातीची कुलुपं ठासून भरलेली. ड्रेड (2021) मध्ये ग्रॅपल लवकर घेऊन क्रेडआधी बॉम्ब मिळवले तर क्रेडच्या खोलीत चेंडू उडवणारी एक लपलेली जागा वापरून त्याला झटक्यात संपवता येतं. म्हणजे रचणाऱ्यांनी क्रम मोडणाऱ्यासाठी खास बक्षीस ठेवलंय.

नवा_भिडू

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: पहिल्या क्रमभंगाच्या खेळीत काय घ्यायचंच आणि काय सोडलं तरी चालेल?

खडूफळा

एकूण वस्तू 100, प्रत्येक वस्तू म्हणजे 1 टक्का. अवघ्या 14 वस्तूंत खेळ संपवायचे मार्ग खेळाडूंनी शोधलेत, पण ते तुमच्यासाठी नाहीत अजून.

निर्धास्त सोडा: स्पेझर, एक्स-रे, स्प्रिंग बॉल, प्लाझ्मा, स्क्रू अटॅक. हाय-जंप वॉलजंपच्या भरवशावर.

घ्याच: मॉर्फ, बॉम्ब, चार्ज, वॅरिया, ग्रॅव्हिटी, आइस, स्पीड बूस्टर, स्पेस जंप, पॉवर बॉम्ब. आइस टूरियनमधल्या मेट्रॉइडांना गोठवायला लागतो. त्याशिवायही मार्ग आहे, पण पॉवर बॉम्ब फार खर्च होतात.

एनर्जी टँक: वॅरिया असूनही 3 पेक्षा कमी असतील तर शेवटचा बॉस मदर ब्रेनच्या इंद्रधनुषी किरणातून जिवंत सुटता येत नाही. ती किमान मर्यादा झाली. तुम्ही 6-7 घ्या, कारण किरणापर्यंत पोचेतोही मार बसतोच.

वेळेचं सांगायचं तर खेळाच्या घड्याळात 3 तासांच्या आत संपला तर सगळ्यात चांगला शेवट दिसतो. वरची वाट धरली तर दुसऱ्या-तिसऱ्या खेळीत ते सहज होईल.

कपारी

खडूफळांच्या यादीत एक भर. टूरियनमध्ये शेवटचं सेव्ह स्टेशन वापरण्याआधी नोंद बी मध्ये नव्याने कॉपी करा. तिथून मागे फिरता येत नाही. टँक कमी पडले हे मदर ब्रेनसमोर कळलं, तर नोंद ए उपयोगाची राहत नाही.

नवा_भिडू

नोंद घेतली. आज पार्लरखालच्या बोगद्यापासून सुरू करतो. अडसरीपाशी काय होतंय ते इथेच लिहीन, चेंडू टप्पा खातोय की सॅमस गुडघ्यावर बसतेय, तेवढं बघून सांगा.